रांजणातली संध्या

पुदुच्चेरी
१२ ऑगस्ट २०२४

आक्का,

जय भीम. फोनवर तू येतच नाहीस. जळबा दाजी उचलतात, "सरिता कामात हाय" म्हणतात, आणि मागं चालू असलेली तुझी शिलाई मशीन तेवढ्यात थांबलेली मला इकडं ऐकू येते. म्हणून लिहायला बसलो. औरंगाबादच्या वसतिगृहात होतो तेव्हा तू मला पत्रं लिहायचीस, आता माझी पाळी.

दाजींना मागच्या आठवड्यात फोनवर घाईघाईत सांगितलं होतं. तुला सगळं नीट सांगतो, कारण हे तुझंच आहे.

दोन वर्षांमागं पावसाळ्यात मी सुट्टीवर आलो होतो. रानातल्या आंब्याखाली फुटक्या गळ्याचा रांजण आहे ना, संध्या पाखरांसाठी भरून ठेवायची तो, तिथं तिनं मला हाताला धरून ओढत नेलं. "मामा, ही एक अळी बघा ना, बाकीच्यांना गट्ट करून राहिली!" वाकून बघितलं तर खरंच. तांबूस, लांबलचक, चांगली दांडगी अळी. भोवती डेंग्यूच्या डासाच्या बारक्या अळ्या वळवळत होत्या आणि ही एकेकीला धरून गिळत होती. डासांवर नोकरी करणारा मी, पण आपल्या रानात ही जात असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. आठवीतल्या पोरीनं दाखवली. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून मी त्या अळ्या इकडं आणल्या. त्यांचे डास झाले तेव्हा फोटो पाठवला होता तिला. तिनं उत्तराला अंगठा पाठवला होता. नंतर दिवाळीच्या आत ती गेली.

आक्का, हा डास माणसाला चावत नाही. त्याच्या मादीलाही रक्त लागत नाही, फुलातला रस पिऊन राहते. आकारानं मोठा, निळा-हिरवा, उन्हात चमकतो. आणि त्याच्या अळ्या डेंग्यूच्या डासाच्या अळ्या खातात. जात जुनीच आहे, पण आपल्याकडच्या डासाच्या पायांवरची पांढरी कडी वेगळी दिसली, म्हणून मी ती वेगळी पोटजात धरली. अशा नावात तीन शब्द असतात. पहिला कुळाचा, दुसरा जातीचा, तिसरा पोटजातीचा. तिसरा शब्द मी संध्याच्या नावाचा ठेवला. लेखात लिहिलंय की ज्या मुलीनं हा डास पहिल्यांदा दाखवला तिच्या आठवणीसाठी हे नाव.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी ठेवलेलं हे एकच नाव. माणूस जातो, पण हे नाव आता जगाच्या यादीत गेलं. ते कुणालाच काढता येणार नाही.

छापील पान सोबत जोडलंय. इंग्रजी आहे, निताला वाचायला सांग.

तुझा,
भूषण


सिद्धेश्वर
२६ ऑगस्ट २०२४

भूषण,

जय भीम. तुझं पाकीट भेटलं. पण ते यायच्या आधीच इकडं आमची शोभा होऊन गेली होती.

तू ह्यांना फोनवर काय सांगितलं? "डेंग्यूच्या डासाला जे मारतं, त्याला संध्याचं नाव दिलं." व्हय ना? आता तूच सांग, डासाला काय मारतं? औषध. हे येडे झाले आनंदानं. चहाच्या टपरीवर सांगितलं, दुसऱ्या दिवशी स्टँडवर फ्लेक्स लागला. "डेंग्यूच्या औषधाला आपल्या गावच्या कन्येचे नाव, हार्दिक अभिनंदन." संध्याचा फोटो एवढासा, आन भोवती गावातल्या झाडून साऱ्या पुढाऱ्यांची तोंडं. शाळेत गुरुजींनी भाषण केलं, मला नारळ आन साडी दिली. मी तिथं उभी राहून लय रडले रे. मला वाटलं, माझी तर गेली, पण तिच्या नावाच्या औषधानं दुसऱ्याचं लेकरू वाचंल.

मग कालिजातल्या एका पोरानं मोबाईलवर काढून पाहिलं. घरी येऊन म्हणला, "मावशी, हे औषध न्हाई. हा तर डास हाय."

डास! काहून रे? तुला सारं जग सोडून डासच सापडला?

तू तिचे शेवटचे दिवस पाहिले न्हाईत. तू तिकडं होता. अंग एवढं तापायचं की हात ठेववत नव्हता. पेशी उतरल्या म्हणले, हिंगोलीहून नांदेडला न्या म्हणले. वसमतच्या पुढं माझ्या मांडीवर तिनं मान टाकली. ज्याच्या जातीनं तिला नेलं, त्याच जातीला तू तिचं नाव देऊन बसला. वर लिहितो, हा चावत न्हाई. अरे, साप बिनइषारी असला म्हणून त्याला कुणी आपल्या लेकराचं नाव ठेवतं का?

निता शाळेत गेली की पोरं टाळ्या वाजवत्यात आन म्हणत्यात, "निते, तुझी बहीण चावली ना मला!" ती रोज सकाळी पोट दुखतंय म्हणून झोपून राहती. पोट कुठलं दुखतंय, मला कळतं ना.

आन माझं ऐक. संध्या गेल्यापासून दर शुक्रवारी मी गावात फिरून कोरडा दिवस पाळायला लावते. घरोघरचे हौद, रांजण, टायर, कुंड्या, सारं पाणी उपसून एक दिवस कोरडं ठेवायचं, म्हणजे अळ्या मरत्यात. लोकाला ते आवडत न्हाई. नळाला चार दिवसाआड पाणी, आन ही म्हणती सांडा. मला दुरून पाहिलं की बाया म्हणत्यात, "आली बघा कोरडी." म्हणू देत. मी कुणाचं ऐकलं न्हाई, स्वतःच्या हातानं लोकाचे हौद पालथे केले. पण मागच्या शुक्रवारी एक जण हसत हसत काय म्हणली सांगू? "काय गं सरिता, आज संध्याला मारायला निघाली का?"

माझा हात तिथंच थांबला. तशीच घरी आले.

ते नाव काढ. मला दुसरं काही नको. आई म्हणती, राहू दे, नाव तर लागलं पोरीचं. आईला काय कळतंय.

आक्का


पुदुच्चेरी
८ सप्टेंबर २०२४

आक्का,

जय भीम. तुझं पत्र वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. सापाचं म्हणालीस ते फार लागलं.

दाजींना मी अर्धवट सांगितलं हे खरं. "डास" हा शब्द फोनवर तोंडातून निघेना. वाटलं, आधी कौतुक कळू दे, मग पत्रात नीट समजावू. तुझ्यापर्यंत ते असं पोचेल हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

पण नाव काढ म्हणतेस, ते माझ्या हातात नाही. खरंच नाही. ह्या नावांचे जगभराचे नियम आहेत. एकदा नाव छापून आलं की ते ठेवणाऱ्याचंही उरत नाही. मला पश्चात्ताप झाला, घरच्यांना आवडलं नाही, लोक हसले, ह्यातलं कुठलंच कारण चालत नाही. आपल्याकडं बारशाला ठेवलेलं नाव शाळेत घालताना तरी बदलता येतं. इथं तेवढीही सोय नाही. मी उद्या मेलो तरी ते नाव तसंच राहील.

एकच वाट असते. ही पोटजात मुळात वेगळी नाहीच, जुन्याच जातीतली आहे, असं कुणी सिद्ध केलं तर जुनं नाव वर राहतं आणि नवं खाली उतरतं. पण तसं होणार नाही. मी ती कडी भिंगाखाली शंभरदा बघितलीत.

माझं एक ऐक. एकदा रानात जा, त्या रांजणात वाकून बघ. ती काय करते ते बघ. तिला बघितल्यावर तू असं म्हणणार नाहीस. संध्याला ती आवडली होती, आक्का. मी ते नाव माझ्या हौसेसाठी ठेवलं नाही.

निताला म्हणावं, चिडवणाऱ्या पोरांना सांग की हा डास कुणालाच चावत नाही.

भूषण


सिद्धेश्वर
२० सप्टेंबर २०२४

भूषण,

पोरं काय तुझं शास्त्र ऐकून चिडवायची थांबत्यात व्हय? निता चिडती, रडती, मग त्यांना आणखी चेव येतो. आता ती म्हणती, मला मामाच्या गावाला पाठवा नायतर शाळेतून काढा.

फ्लेक्स ह्यांनी सवताच्या हातानं उतरवला. सोयाबीनच्या ढिगावर टाकलाय, उलटा करून. पाऊस आला की मी त्याच्याकडं पाहत न्हाई.

रांजणात वाकून पाहा म्हणतो. त्या आंब्याखाली मी दोन वर्षं गेले न्हाई, तुला ठाऊक हाय का? तिकडची कामं हे करत्यात.

एक वाट हाय म्हणला ना? ती येगळी न्हाई असं निघालं तर नाव खाली उतरतं. मग उतरव. कसं ते तुझं तू पाहा. तू एवढा शिकलेला, तुझ्या वळखी हायेत. तुला संध्याची शपथ हाय.

आक्का


पुदुच्चेरी
१५ ऑक्टोबर २०२४

आक्का,

शपथ घातलीस. ती मोडायची माझी हिंमत नाही.

बंगळूरला एक बाई आहेत. डासाच्या पेशीतून, आतल्या रक्ताच्या नात्यावरून जात ओळखतात. बाहेरची कडी, रंग ह्यांवर त्यांचा विश्वास नसतो. त्यांना मी आपल्या रांजणातले सगळे नमुने पाठवले आणि सोबत लिहून दिलं की माझी मलाच शंका येते आहे, कृपया तपासून बघा. मला शंका नव्हती. पण तसं लिहिल्याशिवाय त्या हात लावणार नाहीत.

त्या बाई सरळ आहेत. जे निघेल ते छापतील, माझी भीड धरणार नाहीत. वेगळी निघाली तर नाव पक्कं, मग मला पुन्हा शपथ घालू नकोस. एकच निघाली तर तुझ्या मनासारखं. एकदा नमुने गेले की मग मलाही थांबवता येणार नाही, हे ध्यानात असू दे.

इथले लोक विचारतात, स्वतःचंच नाव कशाला तपासायला पाठवलं? मी हसून वेळ मारून नेतो.

उद्या संध्याला जाऊन दोन वर्षं होतील, तो दिवस तुझ्यासाठी कसा असतो ते मला माहीत आहे. मी फोन करणार नाही. आईला माझा जय भीम.

भूषण


पुदुच्चेरी
३० जून २०२५

आक्का,

जय भीम. बरेच महिने लिहिलं नाही. काही सांगण्यासारखं नव्हतं. आता आहे.

बंगळूरच्या बाईंचा लेख छापून आला. ती पोटजात वेगळी नाही. पायावरची कडी पाण्याच्या उष्णतेप्रमाणं कमी-जास्त होतात, एवढंच. आपल्या रांजणातला डास आणि शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणीतरी नाव ठेवलेला डास, दोन्ही एकच. मी शंका नसताना शंका आहे म्हणून लिहिलं, आणि तेच खरं निघालं. मला वाटलं होतं तितकं मला डासांतलं कळत नाही.

तर नाव उतरलं. आता ते जुन्या नावाच्या खाली, "हेही तेच" अशा यादीत, बारीक अक्षरात असेल. तेवढं राहतंच, ते कुणालाच पुसता येत नाही. पण ते नाव आता कुणी वापरणार नाही. कुणाच्या तोंडी येणार नाही. निताला कुणी चिडवणार नाही.

तुझ्या मनासारखं झालं. मला मात्र काल जेवण गेलं नाही. पुन्हा एकदा तिला पोचवून आल्यासारखं वाटलं. हे तुला लिहायला नको होतं, पण लिहिलं.

मी उद्या अंदमानच्या जंगलात निघतोय, डास गोळा करायला. महिनाभर तरी फोन लागणार नाही.

भूषण


सिद्धेश्वर
३ जुलै २०२५

भूषण,

जय भीम. हे पत्र वाचून तू मला शिव्या घालशील. घाल. आधी वाचून तर घे.

मे महिन्यात ह्यांनी सांगितलं की आंब्याला पाणी घालताना त्या रांजणात बी पाणी पडतंय, अळ्या झाल्यात. माझं डोकं फिरलं. म्हणलं, त्या रांजणानंच सारं केलं, आज त्याला फोडूनच टाकते. टिकाव घेतला आन तावातावानं निघाले. निता मागून पळत आली. अडीच वर्षांनी त्या आंब्याखाली गेले.

टिकाव उचलला आन आत नजर गेली. तू लिहिलं होतं तशीच होती. दांडगी, तांबडी, एका कडंला गप पडलेली. मला वाटलं, मेलेली हाय. तेवढ्यात एक बारकी अळी तिच्यापुढून वळवळत गेली, आन हिनं गट्ट! भूषण, मी टिकाव खाली ठेवला आन मटकन बसले. तिनं दुसरी धरली. मग तिसरी. मी बसून पाहूनच राहिले. निता म्हणली, "मम्मी, ताई जेवून राहिली का?" मला हसू आलं आन रडू बी. तिच्या माघारी मी पहिल्यांदा हसले असंल.

मग आमी रोज जायला लागलो. एका सकाळी तिचा डास झाला. पाण्यावर बसलेला, मोरपिसाच्या रंगाचा. मी हात पुढं केला. तो हातावर बसला, चावला न्हाई. उडून आंब्यात गेला.

शाळा भरल्यावर निता तिच्या वर्गाला घेऊन आली, गुरुजी बी आले. जी पोरं टाळ्या वाजवायची, तीच आता इचारत्यात, "निते, संध्यानं आज किती खाल्ल्या?" बाया बी येऊन पाहून जात्यात. आपल्या बांधाला लागून तांड्यावरच्या भिकाबाईचं रानातलं घर, आखाडा हाय ना, ती तर रोज सकाळी डोकावती आन म्हणती, "बाई, तुझी पोरगी राखण करून राहिली माझ्या घराची." तुझे दाजी संध्याकाळी रानातून येताना तिच्याशी बोलून येत्यात. मला सांगत न्हाईत, पण मी पाहिलंय.

शुक्रवारी मी साऱ्या गावाचं पाणी सांडते. हा एक रांजण सोडते. त्याला हात लावून देत न्हाई कुणाला.

म्हणून सांगते, नाव राहू दे. मी आधी काय काय बोलले ते इसर. तू बराबर होता, मी येडी होते. बंगळूरच्या बाईला सांग, तपासू नका म्हणावं, माझी बहीण हात जोडती. ह्यांनी काल तुला फोन लावला, लागलाच न्हाई. म्हणून ह्या पत्राला लगेच उत्तर दे. त्या तिसऱ्या शब्दाला कुणाला हात लावू देऊ नको.

तुला वेळ भेटला तर ये. तुझी भाची दाखवते.

तुझी आक्का


पुदुच्चेरी
१२ ऑगस्ट २०२५

आक्का,

काल परत आलो. तुझं पत्र टेबलावर पडून होतं. माझं तोवर तुला मिळालं असेलच. दोन्ही पत्रं वाटेत कुठंतरी एकमेकांच्या बाजूनं गेली असतील.

मी ते उभ्यानंच वाचलं आणि मग खुर्ची ओढली. लगेच बंगळूरला फोन केला. बाईंना सगळं सांगितलं, तुझंही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जे एक आहे ते एक आहे. ते दोन आहेत असं मी आता कसं लिहू?" त्यांचं बरोबर आहे. मीही दुसरं काही बोललो नसतो.

गेल्या वर्षी तू म्हणालीस काढ, मी म्हणालो काढता येत नाही. आता म्हणतेस राहू दे, आणि मी म्हणतोय ठेवता येत नाही. दोन्ही वेळा तुला नाही म्हणायला मीच. एवढं शिकून मला हेच येतं, आक्का. तू शपथ घातल्यावर चार महिने नुसती टाळाटाळ केली असती तरी चाललं असतं. मी मेला इमानदार, लगेच नमुने पाठवले.

आणखी एक सांगायचं आहे. लिहायला हात होत नाही, पण न सांगून चालणार नाही. तो रांजण तसा भरून ठेवू नकोस. ती अळी खाते हे खरं, पण सगळ्या खात नाही. पोट भरलं की थांबते. आणि तिचा डास होऊन उडून गेला की दुसरी येईपर्यंत बारक्यांना रान मोकळं. तिच्या भरवशावर कुणी राहू नये. शुक्रवारी त्याही रांजणात नीट बघ. भिकाबाईचं घर लागूनच आहे.

मला माफ कर, म्हणायलाही तोंड नाही.

भूषण


सिद्धेश्वर
२१ सप्टेंबर २०२५

भूषण,

जय भीम. तुझी दोन्ही पत्रं भेटली. पहिलं वाचलं तवा मी कुणाला सांगितलंच न्हाई. नाव उतरलं तर उतरलं, अळीला कुठं ठाऊक हाय, असं म्हणून गप बसले. रोज रांजणावर जात राहिले. पोरं इचारायची, संध्यानं किती खाल्ल्या, मी सांगायची.

दुसरं पत्र वाचलं, त्यातलं रांजणाचं बी वाचलं. पण म्हणलं, तुझं काय, तू परवा म्हणला कडी येगळी, आज म्हणतो एकच. तू काय नेहमी बराबर असतो का? पाहते पुढच्या शुक्रवारी. पुढचा शुक्रवार आला, मी म्हणलं, त्याच्या पुढच्या.

भिकाबाईच्या सुनेला ताप भरला. पहिल्यांदा आमी म्हणलं, रानातली कामं, पाऊस, असंल साधा. मग अंगावर लाल ठिपके आले. तिचं लेकरू पाळण्यात हाय रे, अंगावरचं. हिंगोलीला नेलं. पेशी उतरल्या म्हणले. तो शब्द ऐकला आन माझ्या हातातली कातरी खाली पडली.

दवाखान्याचे लोक आले. आखाडा पाहिला, एकूणएक भांडं उलटं करून पाहिलं. भिकाबाईकडं काही न्हाई. मीच तर दर शुक्रवारी तिचं पाणी सांडत होते. मग ते बांध ओलांडून आंब्याखाली आले. एकानं रांजणात बॅटरी मारली आन इचारलं, "हे कुणाचं?"

मी म्हणलं, "माझं."

सारा गाव उभा होता. ज्यांचे हौद मी पालथे केले ते सगळे. कुणी हसलं न्हाई. हसले असते तर बरं झालं असतं. एक जण फक्त हळूच म्हणली, "कोरडीचाच रांजण भरलेला." भिकाबाईनं माझ्याकडं पाहिलं, आन खांद्यावरच्या नातवाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

मी वाकून पाहिलं. मोठ्या दोनच होत्या, एका कडंला, पोट भरून गप पडलेल्या. आन बारक्या नुसत्या बुजबुजल्या होत्या. एकटी पोरगी किती खाणार रे भूषण? मी सारं तिच्यावर टाकून मोकळी झाले होते. जिती होती तवा बी असंच करायचे, बाहेर जाताना तिला म्हणायची, निताला सांभाळ, चुलीकडं पाहा, कोंबड्या कोंड. सारं तिच्यावरच.

दवाखान्याचा माणूस रांजण ढकलायला पुढं आला. मी म्हणलं, थांबा, मी करते. त्याला काय सांगणार, ह्यात कोण हाय? सांगितलं असतं तर तो म्हणला असता, ही बाई येडी झाली. निता वरडली, "मम्मी, थांब थोडं, मी ग्लास घेऊन येते!" आन घराकडं पळाली. मी थांबले न्हाई. थांबले असते तर हातून झालं नसतं. दोन्ही हातानं रांजण धरला आन पालथा केला.

निता ग्लास घेऊन आली तवर पाणी मुरलं होतं. ती मातीत बोटं घालून शोधत बसली. तिला उठवता उठवता ह्यांना संध्याकाळ झाली. आता ती माझ्याशी बोलत न्हाई. जेवती, शाळेला जाती, पण बोलत न्हाई. मी बी जबरदस्ती करत न्हाई.

भिकाबाईच्या सुनेच्या पेशी चढल्यात. परवा घरी सोडत्यात म्हणे. मी काल भाकरी घेऊन गेले, भिकाबाईनं घेतली. एवढं झालं.

रांजण फोडला न्हाई मी. आंब्याला टेकवून पालथा ठेवलाय. पाखरांचं पाणी आता रोज ताटलीत ठेवते आन रोज बदलते.

तू लिहिलं होतं, ते खालच्या बारीक अक्षरातलं नाव कुणालाच पुसता येत न्हाई. तुला बी न्हाई, त्या बाईला बी न्हाई. ते खरं हाय ना? यावेळी तरी नीट पाहून सांग. आन खरं असंल तर त्या पानाची एक प्रत पाठव. निताला दाखवायची हाय. कदाचित त्याच्यावरून बोलंल माझ्याशी.

अक्षर बारीक असलं तरी चालंल. निताची नजर चांगली हाय.

तुझी आक्का